मावशी मोर्चाला का येतात

आमच्या वस्तीत त्यांना सगळे भोंगा मावशी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्या ओ देतात. उभी हयात खिळ्यांच्या कारखान्यात गेली. यंत्रात तार जायची आणि लोखंडी पेटीत दिवसभर खिळे कोसळायचे. शेजारणीकडे पाणी मागायचं तरी पोटातून आवाज काढावा लागे. कारखाना सुटला, आवाज काही सुटला नाही. मावशी "जरा इकडे या" म्हणाल्या की पलीकडच्या गल्लीतला माणूस "आलो" म्हणतो.

घरात हा आवाज मावत नव्हता. दोन खोल्या. एकीत रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपलेला, दुसरीत पाळण्यात नातू. मावशींनी नुसतं "चहा ठेवू का?" विचारलं की मुलगा कूस बदलतो, नातू भोकाड पसरतो आणि सून हात जोडते, "आई, हळू हो! पाया पडते तुमच्या." सून वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दवाखान्याच्या धुलाईघरात दिवसभर चादरी पिळते, बस हमरस्त्यावर सोडते आणि तिथून वस्तीपर्यंतचा चढ चालत येते. अशा बाईशी भांडणार कोण? मावशी घरात कुजबुजायला शिकल्या. "कुजबुजून कुजबुजून घसा बसला माझा," असं सांगणारी ही मला भेटलेली एकच बाई.

वस्तीपर्यंत येणारी बस तोट्यात जाते म्हणून बंद केली होती. ती परत मिळवायला मी मोर्चे काढले. दर आठवड्याला, बस कचेरीवर. पहिल्या मोर्चाला मावशी शेवटच्या रांगेत होत्या. मी ओरडलो, "आमची बस..." लोकांनी मरगळलेल्या आवाजात "परत द्या" म्हटलं आणि त्या सगळ्यांच्या वरून मावशींचा आवाज आला. छपरावरची कबुतरं उडाली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, धाडकन बंद झाली. त्या दिवसापासून मावशी माझ्या शेजारी. उसना आणलेला कर्णा मी परत करून टाकला.

मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. रद्दीच्या दुकानात बसून शिकलो, आणि जे शिकलो ते लोकांवर तपासून बघितलं. एका जाड पुस्तकात होतं की माणूस काही करतो ते एक तर फायद्याचा हिशेब मांडून, नाही तर तत्त्वापायी, नाही तर भावनेच्या भरात, नाही तर नुसत्या सवयीनं. म्हटलं, बघू या. शिंप्याचा हिशेब उघड होता, बस आली की गिऱ्हाईक येणार. न्हावी येतो तो रागानं, कारण बस कचेरीतल्या साहेबांनी त्याचं बोलणं मध्येच तोडलं होतं. मास्तरांची स्वतःची स्कूटर आहे, ते जन्मात बसमध्ये चढायचे नाहीत, पण अन्याय म्हणजे अन्याय! आणि म्हातारा रंगारी येतो कारण त्याचा बाप मोर्चाला जायचा. मागणी काय ते तो विचारत नाही. एकदा चुकून दुसऱ्याच मोर्चात शिरला आणि तिथलं सगळं उरकून मग आमच्यात आला.

मावशी मात्र कुठल्याच खणात बसेनात. शेवटी सरळ विचारलं, "मावशी, तुम्हाला कुठं जायचं-यायचं नसतं. मग येता कशाला?"

"ओरडायला."

"म्हणजे अन्यायाविरुद्ध?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला मोठ्यानं बोलायला मिळतं."

माझं डोकं सटकलं. "मी इथं चळवळ उभी करतोय आणि तुम्ही घसा मोकळा करताय?"

"मग बिघडलं काय? तुम्ही सगळ्यांच्या पुढं चालायला येता, ते मी कधी काढलं का?"

न्हावी हसून हसून खाली बसला. मी आठवडाभर मावशींशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही, कारण बोलत त्याच होत्या.

मग साहेबांनी चर्चेला बोलावलं. मी सगळ्यांना पढवून नेलं होतं, "हक्क म्हणायचं, दुसरं काही नाही." साहेब किडकिडीत, कानांत कापूस. माझं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मावशींकडे वळून म्हणाले, "खिडकीखालच्या त्या तुम्हीच ना? तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नको. मी ओरडायला येते."

टेबलावरचा पेला किणकिणला. मी कपाळाला हात लावला.

साहेबांनी एका कानातला कापूस काढला. "मग बस दिली तर?"

"बस दिली तर मोर्चा कशाला निघेल? आणि मोर्चा नसला तर मी..." मावशी अडखळल्या.

साहेब पक्के होते. "बाई, बस सुरू करतो. या खिडकीखाली पुन्हा ओरडणार नाही, असा शब्द द्या."

मास्तर पुटपुटले, "हा सौदा झाला." मीही उठलो. हक्क असा विकत घ्यायचा नसतो, हे मला सुनवायचं होतं. मावशींनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. खिडकीबाहेर, आम्ही उभे राहायचो त्या जागेकडे त्या बघत राहिल्या. एवढी एकच जागा होती त्यांना, आणि खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

"सून चढ चढून येते," त्या म्हणाल्या, "आणि घरी आली की पाय धरून बसते. द्या बस. दिला शब्द."

हे त्या इतक्या हळू बोलल्या की साहेबांना दुसऱ्या कानातलाही कापूस काढावा लागला.

मी चिडलेलोच होतो. हवं ते मिळालं होतं, पण साहेबांच्या कानांना आराम हवा म्हणून! आणि मावशींचं म्हणाल तर ओरडायला आलेली बाई सुनेसाठी गप्प झाली. हे पुस्तकातल्या कुठल्या खणात घालू?

बस आली ती भंगारातून उठवून आणल्यासारखी. काचा थडथडत होत्या, इंजिनाचं झाकण उडत होतं. मी भाषण तयार केलं होतं. तोंड उघडलं आणि ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. चढता चढता मी बोलतच राहिलो, कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही.

मावशी सुनेला आणायला निघाल्या होत्या. दवाखान्याच्या फाटकाशी सून चढली आणि दोघी मागच्या बाकावर बसल्या. मावशींनी काहीतरी विचारलं, आपल्या नेहमीच्या आवाजात. कुणीही वळून बघितलं नाही. त्या गदारोळात तो आवाज अगदी बेताचा वाटत होता. सूनबाईलाच घसा ताणावा लागला.

"मुकादमीण म्हणाली, चादरी पांढऱ्या दिसत नाहीत!" ती ओरडली. "मी म्हटलं, आणा तुमचा चष्मा, तोही धुऊन देते!"

मावशी अशा हसल्या की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "काय तुटलं?"

"काही नाही!" सगळी बस ओरडली. "चल तू!"

मग मावशींनी कारखान्यातली एक मुकादमीण काढली. त्यावर सुनेनं आपल्या माहेरची एक आत्या काढली. वस्तीचा थांबा आला, लोक उतरले, बस परत फिरायला लागली.

कंडक्टर म्हणाला, "उतरा, नाहीतर पुन्हा तिकीट पडेल."

"फाडा दोन," सून म्हणाली. "पोरगं बापाजवळ आहे, राहील घटकाभर. आई, तुम्ही सांगा हो, मग त्या मुकादमिणीनं काय केलं?"

ते मलाही ऐकायचं होतं. मीही एक फाडायला सांगितलं.