काचेवरचं नाव

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही हे सोडून बाकीचंच बोलतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदच्या दशकात रास अल खैमाच्या बाहेर, सिमेंट फॅक्टरीच्या वाटेवर, एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं. थिएटर म्हणजे काय — वाळूत उभी केलेली पांढरी भिंत, समोर गाड्या लावायला मैदान आणि मागे प्रोजेक्टरची खोली. मी तिथला ऑपरेटर. कुटुंबवाले आपापल्या गाडीत बसून सिनेमा बघायचे. फॅक्टरीच्या कामगार कॅम्पमधली माणसं, ज्यांच्याकडे गाडी कुठली, ती भिंतीजवळ सतरंज्या टाकून बसायची. समुद्राच्या दमट हवेने भिंतीचे पोपडे निघायचे, दर हिवाळ्यात तिला रंग द्यावा लागे. सुरुवातीला शुक्रवारी गाडी लावायला जागा मिळत नसे. मग घरोघरी डिश आली, दुबईत मॉल आले, आणि मैदान रिकामं दिसायला लागलं. माझी मुलगी हे दुबईतल्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये बसून ऐकते आणि म्हणते, "सो कूल, बाबा!" मी तिला भिंतीचं सांगतो, रंगाचं सांगतो — आणि तिथेच थांबतो.

कारण त्यापुढे आत्माराम येतो.

आत्माराम दापोलीकडचा, सिमेंट फॅक्टरीत कामाला. त्या भागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, निदान मला तिसरा कुणी भेटला नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी इंटरव्हलपर्यंत तो सतरंजीवर असायचा, आणि इंटरव्हल झाली की माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायचा. उरलेले पाच दिवस मी हिंदी बोलायचो, मोडकीतोडकी अरबी बोलायचो आणि त्या दोन संध्याकाळींची वाट बघायचो. बायको तेव्हा गावी होती. हसू नका — एका माणसाच्या बोलण्यावर आठवडा काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढलाय त्यालाच कळेल.

आता काचेचं सांगतो. कॅम्पमध्ये फोन नव्हता, म्हणून माणसं गावी थिएटरचा नंबर देऊन ठेवायची. घरून फोन आला की मी काचेची पट्टी मेणबत्तीवर धरून काळी करायचो, टाचणीने त्यावर नाव कोरायचो आणि चालू सिनेमात ती भिंतीवर दाखवायचो. पंधरा हात लांब नाव! ज्याचं असेल तो धावत यायचा. आत्माराम म्हणायचा, "दादा, एकदा आमचं पण नाव झळकवा की."

एका गुरुवारी खाली तिकिटाच्या खिडकीत फोन वाजला. तिकीटवाला चहाला गेला होता, मी उचलला. पलीकडे आत्मारामचा धाकटा भाऊ. आई अंथरुणाला खिळलीय, सारखं आत्मारामचं नाव घेतेय. तासाभराने तिला खुर्चीत बसवून बूथवर आणतो, तेवढं त्याला फोनपाशी थांबवा, म्हणाला. सवयीने मी हिंदीतच "हां, हां, ठीक है" म्हणालो आणि फोन ठेवला.

काच काळी केली. नाव कोरलं. आणि मग —

मग मनात आलं, आईचा आवाज ऐकला की हा सुटी टाकणार. एकदा गेला की परत कशाला येईल? आणि मग माझ्या पायरीवर कोण बसेल? उद्या सांगू, एका दिवसाने काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं. अंगठ्याने नाव पुसलं. खाली जाऊन रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. हो, तेही केलं. इंटरव्हलनंतर आत्माराम शेंगदाणे घेऊन आला. माझा काळा अंगठा बघून म्हणाला, "कुणाचा फोन होता, दादा?"

"कुणाचा नाय," मी म्हणालो.

शुक्रवारी तिकीटवाला धावत वर आला. आत्मारामची आई गेली होती, भाऊ लाइनवर होता. मी तीच काच पुन्हा काळी केली आणि तेच नाव कोरलं. आत्माराम सतरंज्यांवरून उड्या मारत, हसत हसत आला. त्याला वाटलं, मी गंमत केली. "दादा, झळकवलंत शेवटी!" मी फोनकडे बोट दाखवलं.

कंपनीने सुटी दिली नाही. सगळं तर उरकलं, आता जाऊन काय करणार, म्हणाले. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. थिएटर बंद होईपर्यंत, पुढची तीन वर्षं, तो माझ्या पायरीवर बसला.

काही दिवसांनी त्याने विचारलं होतं. भाऊ म्हणतो, गुरुवारी फोन केला, कुणीतरी हां म्हणालं आणि नंतर लाइन सारखी बिझी. आला होता का फोन? मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "मी इथेच होतो. वाजलाच नाही." त्याने माझा शब्द खरा मानला. भाऊ आपला हलगर्जीपणा झाकतोय, असं त्याच्या मनाने घेतलं. तेव्हापासून भावाशी बोलणं बंद. पुतणीच्या लग्नालासुद्धा हा गेला नाही.

आता भिंतही नाही. आत्माराम दापोलीला असतो, भावाच्या घरापासून चार घरं सोडून. दर दिवाळीला मला फोन करतो. सख्ख्या भावाने वेळेत कळवलं नाही, दादा, तुम्ही माझं नाव लावलंत, म्हणतो. मी "हां, हां" म्हणतो.

गुरुवारी फोन वाजला होता. मी उचलला होता. त्याचा भाऊ खरं बोलत होता.