राहिलेली एक गोळी

माझा रक्ताचा कर्करोग रोजच्या एका गोळीवर आटोक्यात राहतो, असं डॉक्टर सांगतात. दर तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट दाखवायला आम्ही नवराबायको जातो. नव्या गोळ्या देण्याआधी सिस्टर जुनी, रिकामी पाकिटं बघतात.

परवा रांगेत माझ्यापुढे एक मावशी होत्या. त्यांनी पाकिटांचा रबर काढला, चुरगळलेली नखाने सरळ केली आणि एका पाकिटावर बोट ठेवलं.

“ही एक राहिली बघा. नातीच्या बारशाच्या गडबडीत विसरले.”

“एकच ना, मावशी?” सिस्टर म्हणाल्या.

“एक असली तरी राहिलीच की.”

माझी पाकिटं मात्र पूर्ण रिकामी होती. गोळीने मळमळायचं, म्हणून आठवड्यातल्या दोन-तीन गोळ्या मी गुपचूप बेसिनमध्ये सोडत होतो. रिकाम्या पाकिटाकडे बघून ते कुणाला कळणार? रक्त तेवढं दर वेळी खरं सांगत होतं. रिपोर्टमधला आकडा वाढत गेला, तशी बायको घाबरली. “माझ्याच हातचं काहीतरी बाधतंय तुम्हाला,” म्हणत तिने एकेक पदार्थ बंद केला. मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं, वर फिकं जेवणही जेवलो.

परवाचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “ही गोळी लागू पडत नाहीये. जास्त जड औषध द्यावं लागेल.”

मला मावशींचं ते बोट आठवलं. “गोळीचा दोष नाही, डॉक्टर,” मी म्हणालो. “मी ती टाकून देत होतो.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. जिना उतरताना एवढंच म्हणाली, “यंदा मी लोणचंसुद्धा घातलं नाही हो.”