सुटताना नाही, थांबताना

माझी पत्नी गेली त्याला आठ महिने झाले. आमच्या नातेवाइकांत तिच्यावरून एक विनोद तीस वर्षं चालत आला आहे: हिने गाडीला हात लावला की इंजिन बंद. तो मी सुरू केला. तो खोटा आहे हे मला लवकरच कळलं होतं, तरी मी तो चालू दिला.

मी बडोद्याला, बाजव्याजवळच्या एका कारखान्यात पंप आणि इंजिनांच्या देखभालीवर होतो. यंत्र उघडण्याआधी चालवणाऱ्याला विचारायचं, कधी बंद पडलं? सुरू होताना, चालताना की थांबताना? निम्मा बिघाड त्या उत्तरातच सापडतो. नव्या माणसांना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो.

सुभानपुऱ्यात घर झाल्यावर आम्ही एक जुनी गाडी घेतली, कार्बोरेटरची. कारखान्यातल्या आमच्या खात्यात गाडीवाल्याला सगळे एकच विचारायचे, "किती देते?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. माझी सगळ्यांपेक्षा कमी द्यायची आणि ते मला लागायचं. म्हणून मी आयडलिंगचा स्क्रू सैल केला. उभ्या गाडीचं इंजिन जितकं हळू चालेल, तितकं पेट्रोल वाचेल. ते इतकं हळू चालू लागलं की बॉनेट थरथरायचं. पण खात्यात माझा आकडा वर गेला.

त्याच सुमारास ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकली. कारण एकच होतं. तिची आई जुन्या शहरात, वाडी भागातल्या एका पोळीत, म्हणजे चिंचोळ्या गल्लीत राहायची. गुडघे गेलेले, दोन वर्षांत पोळीच्या तोंडापलीकडे पाऊल पडलं नव्हतं. "आईला मी स्वतः चालवत कमाटीबागेत नेणार," ही म्हणायची. "तुम्ही हवं तर मागे बसा, पण बोलायचं नाही."

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "अहो, गाडी बंद पडते."

"क्लच झटकन सोडत असशील. नवशिक्यांचं तसंच होतं."

"सुटताना नाही हो, थांबताना. ब्रेक मारून उभी केली की दोन आचके देते आणि जाते."

कारखान्यात कुणी इतकं नेमकं सांगितलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. हिला म्हणालो, "गाडीला मालकाचा हात कळतो." मग सोसायटीत दोन चकरा मारून दाखवल्या. गाडी बंद पडली नाही.

एका सकाळी मी कामावर असताना ती एकटीच निघाली. आई नारायणपेठी नेसून ओट्यावर बसली होती. वाडीतला तो अरुंद रस्ता. पुढे हातगाडी आली, थांबा. स्कूटर आडवी आली, थांबा. दर थांब्याला इंजिन बंद. मागे हॉर्न सुरू झाले. एक दुकानदार ओरडला, "बेन, पेट्रोल पर चाले छे के धक्का पर?" लोक हसले. शेवटी बॅटरीही उतरली. चौघांनी गाडी ढकलून कडेला लावली. ही चालत आईकडे गेली आणि म्हणाली, "आज नाही जमलं."

"असू दे गं, उद्या जाऊ," आई म्हणाली. "साडी दांडीवरच ठेवते. नेसायला बरी."

दुपारी मी बॅटरी घेऊन गेलो आणि गाडी घरी आणली. वाटेत एकदाही बंद पडली नाही. "बघ," मी म्हणालो. तिने किल्ली खिळ्याला अडकवली. पुन्हा काढली नाही.

पंधरा दिवसांनी खात्यातला एक फिटर माझ्याबरोबर गाडीतून येत होता. सिग्नलला माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "साहेब, तमारो पग तो जुओ!" माझं उजवं पाऊल ब्रेकवर होतं आणि त्याची कडा अ‍ॅक्सिलरेटरवर. उभ्या गाडीला मी नकळत रेस देत होतो. स्कूलमध्ये शिकवतात तसा मी तो पाय काढला. दोन आचके, आणि इंजिन बंद.

त्या संध्याकाळी मी स्क्रू दीड फेरा आत घेतला. पाच मिनिटांचं काम. तिला सांगितलं नाही. तोवर वाडीतली फजिती मी कँटीनमध्ये रंगवून सांगितली होती, तिच्या भावाकडेही. सगळे खूप हसले होते. आईला मी नेतो असं दोनदा म्हणालो, दोन्ही वेळा काम निघालं. त्याच हिवाळ्यात आई गेली.

गेल्या रविवारी नातीने फाटकातच गाडी बंद पाडली. मुलगी हसून म्हणाली, "आजीवर गेलीस गं बाई!"

"हिची सुटताना बंद पडली," मी म्हणालो. "आजीची थांबताना पडायची. तिला गाडी येत होती. स्क्रू मी फिरवला होता." आणि दोघींना सगळं सांगितलं.

 मुलीने विचारलं, "बाबा, आईला हे माहीत होतं?"

मी "नाही" म्हणालो. तेवढंही खरं बोलता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

स्क्रू फिरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाहेर पडलो होतो. सिग्नलला गाडी उभी राहिली. ती बॉनेटकडे बघत होती.

"आज थरथरत नाही," ती म्हणाली.

"हवा बदलली," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर मान वळवली. तेव्हा तिची आई अजून होती. साडी दांडीवरच होती.