काकूच्या कमरेची चावी

काजवालीला डॉक्टरांचा राग येई, आणि का येऊ नये? बारा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू, एक दिवस चुकवलेला नाही. नवरा दुखणं देऊन वर गेला, निस्तरतेय ही. आता तर विषाणू तपासणीत सापडतही नाही. मग साखर का चढते? पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने का भरत नाही? शिलाईच्या कारखान्यात दिवसभर शर्टांच्या बटणांची काजं करायची ती याच पायाने मशीन दाबून. पाय गेला की नोकरी गेली, हे सांगायला ज्योतिषी नको.

"चोरून काही खाता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता काय सांगणार, कप्पाळ! बॉबिनच्या डब्यात बिस्किटं, मशीनच्या खणात पाव. सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बकाबका गिळायची, कुणी हिसकावून घेईल अशी. सेहेचाळीस वर्षांची बाई!

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लहानपणी उपासमार, मारहाण असं काही झालं होतं? तशा माणसांना पुढे साखर, हृदय, सांधे यांचा त्रास जास्त दिसतो, म्हणून विचारते."

काजवालीने तोंड उघडायच्या आधीच शेजारी बसलेली काकू बोलली. आईबाप गेल्यावर हिनेच तिला वाढवलेलं. "छे हो. फुलासारखी जपली. नवऱ्याने घात केला तिचा."

फुलासारखी म्हणे! खोटं बोलावं पण रेटून बोलावं, ते या बाईकडून शिकावं. खाण्याच्या कपाटाला कुलूप, चावी काकूच्या कमरेला. एक घास जास्त मागितला की दोन दिवस उपाशी, वर लाटण्याचा मार. आणि काजवालीची अक्कल बघा. आज घर हिचं, पगार हिचा, तरी थकलेली काकू राहायला आली त्याच दिवशी हिने कपाटाला कुलूप घालून चावी आपणहून तिच्या हातात दिली. चावी मोठ्यांकडेच असते, एवढंच हिला ठाऊक होतं.

तिला काकूचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"लिहा बाई," काजवाली म्हणाली. "उपाशी ठेवायची मला. कपाटाची चावी हिच्याकडे असायची."

"किती वर्षांची होईपर्यंत?"

"आज सकाळपर्यंत."

काकूचा हात कमरेकडे गेला. काजवालीने तळहात पुढे केला.

"आण ती इकडे."