बिहेस्ट आणि हुकलेला हुरडा

परवा कुणीतरी मंगळवेढ्याचा हुरडा आणून दिला. त्या धुरकट, गोडसर वासाने तोंडाला पाणी सुटायच्या आधी मला वडिलांचा राग आला. इतक्या वर्षांनीसुद्धा!

वडील सोलापुरात शाळेत इंग्रजी शिकवत. त्या थंडीत मावशीच्या शेतावर हुरड्याला नेण्याचं वचन त्यांनी आम्हाला दिलं होतं. नेमका जायच्या सकाळी, मोटारीच्या अड्ड्यावर न्यायला टांगा दारात उभा असताना, त्यांना ‘बिहेस्ट’ हा शब्द आठवला. त्याचा अर्थ आज्ञा, पण तो आला कुठून? झालं, जाडजूड कोश उघडला. आई शेंगाचटणीचा डबा घेऊन उंबऱ्यातच थांबली.

“मास्तर, मोटार काय आपल्यासाठी थांबायची न्हाय,” टांगेवाला बाहेरून ओरडला.

वडिलांनी बोट वर केलं. “ऐका! जुन्या इंग्रजीत बिहेस्ट म्हणजे चक्क वचन! पुढे शेकडो वर्षांनी त्याची आज्ञा झाली. काय गंमत आहे!”

लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला. “गेली बगा,” टांगेवाला म्हणाला.

वडिलांनी कोश मिटला. “आता जायचं नाही. चपला काढा सगळ्यांनी.”

मी हुरड्यासाठी भोकाड पसरलं होतं, त्यामुळे आईचं बोलणं तेव्हा कानावरून गेलं. आता हुरड्याच्या वासाबरोबर तेच आधी आठवतं. तिने डबा त्या कोशावर आदळला आणि म्हणाली, “इंग्रजांना वचनाची आज्ञा करायला शेकडो वर्षं लागली. तुम्ही एका सकाळीत केलीत की!”