गालाला लावलेलं पातं

म्हैस भादरायला घेण्याआधी मी मशीनचं पातं माझ्या गालाला लावून बघते. लोकांना ह्याचं फार हसू येतं. उधव्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर मी गेले की पोरं आधी तेवढंच बघायला जमतात— "सुमनबाय पयली सोताची दाढी करते!" मीही हसते. का लावते ते कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर 'सवय' म्हणते. सवय आहेच. पण ती लागली कशी, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही. महालक्ष्मीच्या जत्रेत देवीपुढे हात जोडून उभी राहिले, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनही असेल.

सुरुवात कुठून करू? मशीनपासूनच करते. तिथून सोपं पडतं.

आमच्याकडे पूर्वी म्हैस पाण्यानं भिजवून वस्तऱ्यानं भादरत. त्यासाठी एक म्हातारा यायचा. तो थकला, मग होळी उलटली तरी म्हशी केसाळच राहायला लागल्या— उन्हानं धापा टाकायच्या, उवांनी बेजार व्हायच्या. त्याच सुमारास आमच्या बचत गटाला विजेवरचं मशीन मिळालं. तलासरीला आम्हा बायांना बसवून ते शिकवलं. मशीन चालू झालं तशी बाकीच्या मागं सरकल्या, मी पुढं झाले. आगाऊपणा माझ्या अंगात लहानपणापासूनचाच. गावातले पुरुष म्हणायचे, "बाई आता बिनपाण्यानं हजामत करणार!" मी म्हणायचे, "आधी म्हशी संपू देत, मग तुमचा नंबर."

मशीन म्हणजे खरं तर दोन पाती. खालचं दातांचं, ते जागचं हलत नाही. वरचं त्याच्यावर इकडून तिकडं पळत असतं. घासलं की तापणारच. म्हणून दर थोड्या वेळानं थांबायचं, ब्रशनं केस झाडायचे, शिलाई मशीनचं पातळ तेल सोडायचं, पातं निवू द्यायचं. शिकवणारे सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते— बोटांवर भरवसा ठेवू नका, पातं गालाला लावून बघा. बरोबरच होतं त्यांचं. तव्यावरची भाकरी हातानं उलटणारी आम्ही माणसं, आमच्या बोटांना काय कळणार? पण मला तो नखरा वाटला. म्हशीची जाड कातडी ती— तिला एवढं काय, असं मी बाजूच्या बाईला म्हटल्याचंही मला आठवतं.

आता शेवंती. तिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शेवंती माझ्या माहेरची. दोघी एकाच वर्गात होतो, आणि नशिबानं दिल्याही गेलो जवळजवळच्या पाड्यांवर. मशीन आणलं तेव्हा एकही माणूस आपली म्हैस माझ्या हाती द्यायला तयार नव्हता. शेवंती घरच्यांशी भांडली आणि म्हणाली, "माझ्या भुरीवर कर." भुरी तिची सुरती म्हैस, भुरकट केसांची, डोळे जड झाल्यासारखी संथ. तिचे मागचे पाय कधी कुणी बांधले नाहीत. शेवंती धार काढायला बसली की तिच्या कुशीला डोकं टेकून बसायची, आणि म्हैस तशीच उभी राहायची, शेपटीसुद्धा सावरून. त्या पहिल्या खेपेला मी जीव मुठीत धरून काम केलं. भुरी घासलेल्या तव्यासारखी झाली. शेवंतीनं ते सगळ्या पाड्यांवर सांगितलं— विहिरीवर, बाजारात, लग्नात. माझा धंदा मशीननं नाही चालवला, तिच्या तोंडानं चालवला.

आणि अशा बाईच्या म्हशीला मी काय केलं?

जत्रेचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडून जीप निघणार होती आणि प्रत्येकाला आपलं जनावर त्याआधी भादरून हवं होतं. नाही म्हणणं मला जमलं नाही— सगळ्यांना मी हवी होते, ते गोड लागत होतं ना! एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात पळत होते. शेवंतीकडे पोचेपर्यंत तेलाची बाटली रिकामी झाली होती. घरी जाऊन दुसरी आणायची तर वेळ जाणार. शेवंती म्हणाली, "खोबरेल हाय, चालल?" मी चालेल म्हटलं. चालत नाही, हे मला शिकवलेलं होतं. खोबरेल केसांत आणि कोंड्यात मिसळून चिकट होतं, पात्यांच्या मध्ये बसतं, वरचं पातं नेटानं घासत राहतं. मशीनचा आवाज जड झालेला मी ऐकला. ऐकला— हे मला इथं लिहायलाच हवं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हा मी कास सगळ्यात शेवटी घ्यायचे. कासेच्या केसांना शेण चिकटतं आणि धार काढताना ते दुधात पडतं, म्हणून ते काढावेच लागतात. शेवटी घ्यायचे म्हणजे कळलं ना तुम्हाला? पातं सगळ्यात जास्त तापलेलं, आणि कातडी सगळ्यात नाजूक. शेवंती पलीकडून वाकून भुरीची कास हातानं ताणून धरत होती. मी पातं टेकवलं. भुरीनं अंग थरथरवलं. मी तरी एक पट्टा पुरता ओढला.

तिनं लाथ मारली ती मला लागली नाही. शेवंतीच्या मनगटाला लागली. हाड मोडल्याचा आवाज मशीन चालू असतानाही ऐकू आला.

सगळे धावत आले— तिचा नवरा, सासरा, शेजारचे. मी मशीन बंद केलं, आणि कुणी काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "मारकी झाली ही. मी काय केलंच नाय." हे मी ठरवून बोलले का? मला अजून सांगता येत नाही. पण बोलता बोलता माझं बोट पात्याला लागलं, आणि माझ्या त्या भाकऱ्या उलटणाऱ्या बोटालाही चटका बसला. म्हणजे त्या क्षणाला मला पुरतं कळलं होतं. तोंड अजून उघडंच होतं. वाक्य फिरवायला कितीसा वेळ लागला असता?

तिथंच संपलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. चूक कुणाची होत नाही? खरी गोष्ट पुढं आहे.

कास भाजली होती. काळ्या कातडीवर लाल दिसत नाही, त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवंतीचा हात डहाणूला प्लास्टरमध्ये घालून आणला, धार काढायला सासू बसायला लागली. सासूनं कासेला हात लावला की भुरी पाय झाडायची. आग होत असणार तिची! पण घरच्यांनी मी दिलेला शब्द उचलला— मारकी. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. सुनेचा हात मोडलेल्या घरात त्या कुणाला गोड लागणार? त्यांनी तिचे पाय बांधले. बांधल्यावर ती जास्तच बिथरली. बिथरली म्हणून तिला काठी बसली.

मग गुरांचे डॉक्टर आले. त्या वेळी मी तिथंच होते. शेवंतीच्या हाताला बरं वाटेना म्हणून मी रोज तिच्या घरी भाकऱ्या थापून देत होते, आणि सगळा पाडा माझं कौतुक करत होता. डॉक्टरांनी वाकून कास बघितली, कातडीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मशीन तापलं होतं का, ताई?"

सरळ प्रश्न. तोही एकदाच विचारला. हो म्हटलं असतं तर मलम मिळालं असतं, थोडे दिवस कळ काढली असती, आणि भुरी पुन्हा शेपटी सावरून उभी राहिली असती. मी तोंड उघडायच्या आत शेवंतीच म्हणाली, "नाय ओ डॉक्टर, ती दर टायमाला तेल टाकते. त्या दिवशी मीच दिला तेल, माझ्या हातानं." आणि मी मान डोलावली. "गोचीड चावली असेल," म्हटलं. त्यांनी गोचिडीचं औषध लिहून दिलं. जळलेल्या जागेवर ते लावलं, तेव्हा भुरी काय ओरडली— ते मी भाकरी थापता थापता ऐकलं.

खूप दिवस मी स्वतःला समजावत होते की मी शेवंतीसाठी गप्प बसले. तेल तिनं दिलं होतं, तिला वाईट वाटलं असतं. खोटं आहे ते. मला माझ्या मशीनची पडली होती. 'बाईनं म्हैस भाजली' एवढे तीन शब्द पाड्यांवर फिरले असते की मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. झाकली मूठ मी झाकूनच ठेवली.

भुरी विकली. हायवेच्या बाजूच्या एका तबेल्यात गेली. टेम्पोत चढवताना शेवंतीनं डाव्या हातानं तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि आत जाऊन बसली, बाहेर आलीच नाही.

पुढच्या होळीनंतर त्याच तबेल्यातून मला बोलावणं आलं. लांबलचक ओळीत सगळ्या काळ्या पाठी, त्यात एक भुरकट. पायांना दोरी नव्हती. मी लांबच थांबले. गवळी गुजराती होता, म्हणाला, "बेन, आनाथी ना डरो. आ तो गाय जेवी छे." भिऊ नका, ही गाईसारखी गरीब आहे म्हणे. त्या दिवशी मी पहिल्यांदा पातं गालाला लावलं. गार होतं. मग मी कासेपासून सुरुवात केली. तेव्हापासून मी तसंच करते. कासेवर केस नसलेला एक पट्टा होता, माझ्या पात्याच्या रुंदीचा. भुरी उभी राहिली. शेपटीसुद्धा सावरून उभी राहिली हो!

घरी जाताना शेवंतीच्या दारावरून जावं लागतं. मी तबेल्यात गेल्याचं तिला कुठून तरी कळलंच होतं. ओटीवर बसली होती. मनगट वाकडं जुळलंय, ते मांडीवर उलटं पडलं होतं. म्हणाली, "दिसली का गं भुरी?" दिसली म्हटलं. मग तिनं विचारलं, "अजून मारते?"

हेच मला सांगायचं होतं. लाथेचं नाही, तेलाचं नाही, डॉक्टरांचंही नाही. तेव्हा मला कुणाची भीती राहिली नव्हती. माझ्या धंद्याचा जम बसला होता, ओटीवर आम्ही दोघीच होतो, आणि बाई नुसती विचारत होती की आपलं जनावर कसं आहे. 'गुणी आहे गं' एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं— मग तवा काय झाला होता?

मी म्हटलं, "हो. मारते."

शेवंतीनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "मग बरा झाला इकली ती. माझ्या मनाला लागून राहिलं होतं, का आपण उगाच तर नाय इकली." आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली. मी तो प्यायले.

यंदा त्यांनी नवी म्हैस आणली आहे, पहिलटकरीण. परवा मला भादरायला बोलावलं होतं. शेवंती दुसऱ्या कुणाला बोलावतच नाही. मी मशीन उघडलं, पाती पुसली, तेल सोडलं, पातं गालाला लावलं. म्हैस निवांत रवंथ करत होती. शेवंती डाव्या हातात दोरी घेऊन आली.

"पाय बांधूनच कर," म्हणाली. "जनावराचा भरवसा नाय. तुला लागायला नको."

एका हातानं तिला गाठ मारता येत नव्हती. मी बसले, आणि मीच बांधली.