आधी वाचून दाखवा

डॉ. शालिनी केदारी मॅडमना मी प्रथम भेटले ती लोणावळ्याला, त्यांच्या घरी. राजकीय संज्ञापनात पीएच.डी. करायची होती. मी संगणक अभियंता. निवडणुकीच्या काळात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशांची संगणकाकडून वर्गवारी करायची, असा माझा आराखडा होता. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात माणसं कोणत्या पानावर येतात?"

"संदेश माणसंच पाठवतात," मी म्हटलं.

"मग त्यांना भेटायला हरकत नसावी."

एवढ्या बोलण्यावर त्या माझ्या मार्गदर्शक झाल्या.

मॅडमचा एक नियम त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या बोलण्यावर प्रबंध उभा आहे, त्यांना तो भाग सादर करण्याआधी घरी जाऊन वाचून दाखवायचा. प्रबंध इंग्रजीत असला तरी वाचन मराठीत. ते नको म्हणाले, तर तो भाग काढायचा. विद्यापीठाची अशी अट नाही, मॅडमची आहे.

माझं तिसरं प्रकरण महिला राखीव जागांवरच्या प्रचाराविषयी होतं. घाटाकडच्या एका गावातल्या माजी सरपंच मावशींनी त्यांच्या प्रचारात प्रत्यक्ष कोण बोलत होतं, हे मला मोकळेपणाने सांगितलं होतं. प्रकरण त्यावरच उभं होतं. प्रबंधाची मुदत संपत आली असताना मॅडम आणि मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. मावशी वाल सोलत ऐकत होत्या.

"व्हय, तुझ्याजवळ म्याच बोल्ले," त्या म्हणाल्या. "पर ते छापायचं न्हाई."

"नाव बदललंय, मावशी."

"नाव बदललंस. घर बदललंस का? माझी सून काय आंधळी हाय व्हय?" मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमी सांगा हिला. लय शिकलीया, ऐकंना."

मॅडम म्हणाल्या, "बोलणं तुमचं आहे, मावशी. निघेल ते."

 परतीच्या वाटेवर खंडाळ्याच्या अलीकडे मॅडमनी विचारलं, "रागावलीस?"

"नाही. पदवी जाईल."

"मुदतवाढीचं मी बघते. तू प्रकरण बघ."

मुदतवाढीसाठी त्या स्वतः विद्यापीठात जाऊन बसल्या. पुढचे काही महिने दर शनिवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ते प्रकरण नव्याने बांधलं. कागद बाजूला सारून आधी जेवायला लावायच्या. भूक नाही हे कारण चालत नसे. बांधून झालेलं प्रकरण पहिल्यापेक्षा चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. काढलेला मजकूर ठेवला असता तर ते अधिक भक्कम झालं असतं, हे माझं मत आजही कायम आहे. मॅडमना ते माहीत आहे आणि त्यांचंही मत तेच आहे. तरीही त्यांनी तो काढायला लावला. मॅडमविषयी मला वाटणाऱ्या आदराचं कारण हे आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इथे पुरावा कमी पडतो."

"पुरावा आहे, सर. तो वापरायची परवानगी नाही."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलाय?"

"ऐकलाय," मॅडम म्हणाल्या, "आणि मीही सांगणार नाही."

परीक्षक हसले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. पदवी मिळाली.

मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं आणि शनिवारचं ते टेबल कधी रिकामं राहू नये, ही मनापासून इच्छा. हा लेखही छापायला देण्याआधी मावशींना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: "च्या दिल्ता, ते न्हाई लिवलंस." तर, चहा दिला होता. सोबत मॅडमसाठी निरोपही दिला. तो त्यांच्या परवानगीने जसाच्या तसा देते:

"साठच का? माझ्यापरीस ल्हान हायेत की. मला अजून लय बोलायचंय. ऐकायला ऱ्हावा म्हनावं."